वाचायची भिंत

१९८१च्या वसंतात वॉशिंग्टनजवळच्या अँड्र्यूज हवाई तळावर एका प्रचंड हँगरमध्ये चित्रं मांडली होती. व्हिएतनाम युद्धात मेलेल्या आणि बेपत्ता झालेल्या अमेरिकी सैनिकांचं स्मारक उभारायचं होतं. त्यासाठीच्या खुल्या स्पर्धेत १,४२१ प्रवेशिका आल्या होत्या. स्पर्धकांची नावं झाकलेली, प्रत्येक चित्राला फक्त क्रमांक. परीक्षक आठ. पिएत्रो बेलुस्की आणि हॅरी वीझ यांच्यासारखे मुरलेले वास्तुविशारद, हिदेओ सासाकींसारखे उद्यानरचनाकार, तीन शिल्पकार. या जाणत्या मंडळींनी एकमतानं निवडली ती १०२६ क्रमांकाची प्रवेशिका.

चित्र पाहिलं तर कुणालाही आश्चर्य वाटावं. मऊ पेस्टलनं सारवल्यासारखं धूसर मैदान आणि त्यात काळा, उघड्या कोनाचा एक आकार. पुतळा नाही, खांब नाही, घुमट नाही, झेंडा नाही. शाळकरी मुलानं काढावं इतकं भोळं ते चित्र आहे. त्याच्यासोबत मात्र हातानं लिहिलेला एक मजकूर होता. माणूस या जागेकडे कसा चालत येईल, जमीन कशी उतरत जाईल, नावं कुठं सुरू होतील आणि कुठं संपतील, हे त्यात शांतपणे लिहिलेलं होतं. रचना सुचायला लागला त्याहून जास्त वेळ हा मजकूर लिहायला लागला, असं त्या स्पर्धकानं पुढे सांगितलं आहे. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते. पुढे उभं राहिलेलं स्मारक मुळात वाचण्यासाठी आहे, आणि त्याची पहिली वीट शब्दांची होती.

झाकलेलं नाव उघडलं तेव्हा ते निघालं माया लिन. वय २१. येल विद्यापीठातली पदवीची विद्यार्थिनी, पदवी अजून हातात यायची होती. हीच रचना तिनं स्मशानवास्तूंवरच्या एका अभ्यासवर्गासाठी केली होती आणि वर्गात तिला ‘बी’ श्रेणी मिळाली होती.

तिचा जन्म १९५९चा, ओहायो राज्यातल्या अथेन्स या छोट्या विद्यापीठ-गावातला. वडील हेन्री हुआन लिन मातीची भांडी घडवणारे कलावंत, तिथल्याच विद्यापीठात ललित कला महाविद्यालयाचे प्रमुख. आई ज्युलिया चँग लिन कवयित्री आणि साहित्याची प्राध्यापक. दोघंही चीनमधून आलेली. एका खोलीत माती, दुसऱ्या खोलीत शब्द, अशा घरात ही मुलगी वाढली. तिच्या कामात जमीन आणि अक्षर यांची जी जोडी पुन्हा पुन्हा दिसते, तिचा उगम शोधायला फार लांब जावं लागत नाही.

या घराण्याची आणखी एक गोष्ट इथं सांगितल्यावाचून राहवत नाही. वडिलांची सावत्र बहीण लिन हुइयिन. तिला अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात वास्तुकला शिकायची होती, पण त्या शाखेत मुलींना प्रवेश नव्हता म्हणून तिनं १९२७ साली ललित कलेची पदवी घेतली. चीनला परतून तिनं जुन्या लाकडी मंदिरांची मोजमापं घेतली. पुढे चीनच्या राष्ट्रचिन्हाच्या आणि बीजिंगमधल्या जनवीरांच्या स्मारकावरील नक्षीच्या कामात तिचा हात होता. म्हणजे आत्याही इमारत आणि आलेखन अशा दोन्ही काठांवर उभी होती, आणि तीही एका देशाच्या मृतांच्या स्मारकाशी जोडलेली. १९२४ साली रवींद्रनाथ टागोर चीनला गेले तेव्हा त्यांच्या ‘चित्रा’ नाटकात नायिकेची भूमिका करणारी तरुणी तीच. तिला नाकारलेली वास्तुकलेची पदवी विद्यापीठानं २०२४ साली दिली, ती जाऊन जवळजवळ सत्तर वर्षं झाल्यावर.

आता त्या कोनाकडे वळू.

स्पर्धेच्या अटी थोड्या होत्या आणि नेमक्या होत्या. स्मारक चिंतनाला लावणारं असावं, भोवतालाशी मिळतंजुळतं असावं, मेलेल्या आणि बेपत्ता झालेल्या सगळ्यांची नावं त्यावर असावीत आणि युद्धाबद्दल कुठलंही राजकीय विधान त्यात नसावं. बहुतेकांनी यातली नावांची अट ओझ्यासारखी घेतली असणार. एवढी हजारो नावं ठेवायची कुठं? एक शिल्प करायचं आणि नावं पायथ्याला किंवा पाठीमागे बसवायची, हा नेहमीचा मार्ग. मायानं अटीचीच रचना केली. तिच्या लेखी नावं म्हणजेच स्मारक होतं.

येलच्या वूल्सी सभागृहाबाहेरच्या दालनात युद्धांत मेलेल्या माजी विद्यार्थ्यांची नावं संगमरवरात कोरलेली आहेत. तिच्या शिक्षणाच्या काळात व्हिएतनामची नावं तिथं चढवली जात होती. येताजाता त्या नावांवरून हात फिरवल्याशिवाय पुढे जाववायचं नाही, असं तिनं लिहिलं आहे. दुसरा संस्कार फ्रान्समधल्या तीप्व्हाल इथल्या स्मारकाचा. पहिल्या महायुद्धातल्या सोमच्या लढाईत ज्यांचे देहही सापडले नाहीत अशा ७२,०००हून अधिक सैनिकांची नावं त्या कमानींच्या पोटात कोरलेली आहेत. ते स्मारक एडविन लट्यन्स यांचं, म्हणजे दिल्लीच्या इंडिया गेटची कमान ज्यांची, त्यांचंच. इंडिया गेटच्या अंगावरही हजारो नावं आहेत, पण ती वाचायला थांबलेला माणूस क्वचित दिसतो. कमान इतकी उंच, इतकी भव्य की मान आपोआप वर जाते आणि नावं नजरेतून सुटतात. मायाच्या रचनेत मान वर करावी लागत नाही. तिनं माणसालाच खाली नेलं.

१९८०च्या नोव्हेंबरात ती मित्रांबरोबर जागा पाहायला गेली. वॉशिंग्टनच्या नॅशनल मॉलवरचं हिरवं, मोकळं मैदान. जमिनीला सुरीनं चीर द्यावी, जखम उघडावी, पुढे गवत पुन्हा येईल पण चिरलेली कड मात्र घासून आरशासारखी राहील, अशी ती कल्पना तिला तिथंच सुचली. परत आल्यावर विद्यापीठाच्या खानावळीत ताटातल्या बटाट्याच्या लगद्यातून तिनं पहिली प्रतिकृती केली. कल्पना इतकी स्वच्छ होती की बटाट्यातही उमटली.

प्रत्यक्षात हे स्मारक म्हणजे जमिनीत उतरलेल्या दोन बाजू. प्रत्येकीची लांबी २४६ फूट ९ इंच. टोकाला त्यांची उंची जेमतेम ८ इंच, आणि जिथं त्या मिळतात त्या कोपऱ्यात १० फुटांहून थोडी जास्त. कोन १२५ अंशांचा. एक बाजू लिंकन स्मारकाकडे रोखलेली, दुसरी वॉशिंग्टनच्या उंच स्तंभाकडे. मागच्या बाजूनं आलात तर काहीच दिसत नाही, फक्त गवत. पुढून मात्र आपण एका उतरत्या वाटेनं चालू लागतो. सुरुवातीला नावं घोट्याशी असतात. एकच ओळ. मग गुडघ्याशी, कमरेशी, छातीशी. कोपऱ्यात पोचेपर्यंत नावं डोक्यावरून गेलेली असतात, सर्वांत उंच शिळेवर १३७ ओळी भरतात. कुणी ‘बघा, किती मेले’ असं सांगत नाही. पाण्यात उतरावं तसे आपण त्या संख्येत उतरत जातो आणि आपल्याच शरीराला ती संख्या कळते. शहराचा आवाजही तोवर मागे पडलेला असतो.

इतकं वास्तुकलेचं. पण मला वाटतं, या कामाचा खरा कस अक्षरमांडणीत आहे, आणि तिथं ही मुलगी मुरलेल्या ग्रंथरचनाकारासारखी वागली आहे.

पहिला निर्णय क्रमाचा. नावं वर्णानुक्रमानं लावा म्हणजे शोधायला सोपी जातील, अशी मागणी झाली होती. मायानं ती मानली नाही. नावं मृत्यूच्या तारखेनुसार, एकामागून एक. यादी तपासल्यावर विरोधकांनाही पटलं. नुसत्या स्मिथ आडनावाचे सहाशेवर होते. वर्णानुक्रम लावला असता तर दूरध्वनीच्या यादीसारखा दगड तयार झाला असता आणि कुणाचा जेम्स जोन्स कुठला, हे आईलाही ओळखता आलं नसतं. तारखेचा क्रम लावल्यावर जे एका दिवशी, एका चकमकीत पडले ते शेजारी शेजारी आले. युद्धातून जिवंत परतलेला सैनिक त्या ठिकाणी उभा राहतो तेव्हा त्याला एक मित्र सापडत नाही, सगळा दिवस सापडतो. शोधण्याची सोय प्रवेशाजवळ ठेवलेल्या नामसूचीनं होतेच. सोय सूचीकडे आणि अर्थ दगडाकडे, ही वाटणी मला अत्यंत समंजस वाटते.

दुसरा निर्णय सुरुवातीचा. डावीकडून उजवीकडे वाचायची सवय असलेल्या माणसाला वाटेल की पहिलं नाव डाव्या टोकाला असेल. तसं नाही. यादी सुरू होते कोपऱ्यात, १९५९ साली, उजव्या बाजूच्या पहिल्या शिळेवर, सर्वांत वर. तिथून ती उजवीकडे जात जात, लहान होत, जमिनीत शिरते. तेव्हा साल असतं १९६८, मे महिना. मग ती उरलेल्या टोकाला, डावीकडे, जमिनीतूनच पुन्हा वर येते आणि चालत कोपऱ्यापाशी पोचते. शेवटचं नाव १९७५चं, कोपऱ्याच्या डाव्या शिळेवर, सर्वांत खाली. पहिला मेलेला आणि शेवटचा मेलेला एकमेकांना लागून आहेत आणि मधलं सगळं युद्ध मातीखालून फिरून आलेलं आहे. मांडणीचा असा उपयोग मी दुसऱ्या कुठल्याच स्मारकात पाहिलेला नाही. शिल्पकाराला इथं एखादी जखमी आकृती लागली असती. मायानं फक्त यादी कुठं तोडायची ते ठरवलं.

तिसरा निर्णय आकाराचा. अक्षरं अर्ध्या इंचाहून जेमतेम मोठी. स्मारकांवर इतकं बारीक अक्षर कुणी घालत नाही, ते लांबून वाचता यावं अशी अपेक्षा असते. इथं लांबून वाचताच येत नाही, राखाडी पोत तेवढा दिसतो. नाव वाचायचं तर जवळ जावं लागतं, पुस्तक धरतो तितक्या अंतरावर. राजधानीच्या मधोमध, शेकडो माणसांच्या गर्दीत, प्रत्येकाला एकट्यानं वाचायला लावायचं हे त्या अर्ध्या इंचानं साधलं. शिळा चाळीस इंच रुंद, एका ओळीत पाच-सहा नावं. उघडलेल्या पुस्तकाची ही मापं आहेत. दगडाची जाडीही तिनं हट्टानं कमी ठेवली. तिला भिंत नको होती, पृष्ठभाग हवा होता.

टंक निवडला तो ऑप्टिमा. या टंकाची जन्मकथा ऐकण्यासारखी आहे. जर्मन अक्षररचनाकार हरमान झाफ १९५० साली फ्लोरेन्सच्या सांता क्रोचे चर्चमध्ये गेले होते. तिथल्या फरशीत जुन्या थडग्यांच्या शिळा बसवलेल्या आहेत. त्यावरची अक्षरं त्यांना इतकी भावली की जवळ कागद नसल्यानं त्यांनी हजार लिराच्या नोटेवर ती टिपून घेतली. त्यातून ऑप्टिमा झाला. दंडाला पाय नाहीत, पण मधे किंचित बारीक आणि टोकांना किंचित रुंद होणारा दंड आहे, त्यामुळे अक्षर कोरडं होत नाही, श्वास घेतल्यासारखं वाटतं. थडग्यांवरून उचललेलं वळण तीस वर्षांनी पुन्हा मृतांच्या दगडावर आलं. यंत्राचा कडकपणाही त्यात नाही आणि रोमन विजयस्तंभांची ऐटही नाही. या जागेला दुसरं अक्षर मला सुचत नाही.

नावांना हुद्दा नाही, पलटण नाही, गाव नाही, जन्मतारीख नाही. फक्त नाव, आणि त्याच्याजवळ एक छोटी खूण. मृत्यू निश्चित झालेला असेल तर चौकट, पत्त्यांच्या खेळातल्या चौकटसारखी, टोकावर उभी. बेपत्ता असेल तर क्रूस. बेपत्ता माणसाचे अवशेष सापडले की क्रूसावर चौकट कोरतात. आणि बेपत्ता माणूस जिवंत परतला तर त्या क्रूसाभोवती वर्तुळ कोरायचं, अशी सोय पहिल्यापासून ठेवलेली आहे. ते वर्तुळ आजवर एकदाही कोरावं लागलेलं नाही.

आपल्याकडे गावोगावी वीरगळ आहेत. खालच्या चौकटीत लढाई, मग अप्सरा वीराला वर नेताहेत, त्यावर शिवपिंडीची पूजा, माथ्याशी चंद्र-सूर्य. वीर कसा पडला आणि कुठं गेला हे तो दगड सांगतो, पण बहुतेक वेळा त्याचं नाव सांगत नाही. मायाच्या दगडावर सगळं उलट आहे. नाव तेवढं आहे. तो कसा पडला, कशासाठी पडला, कुठं गेला, यावर एक अक्षर नाही. युद्धाबद्दल विधान नको ही अट तिनं इतकी मनापासून पाळली की हे मौन काहींना सहन झालं नाही.

आणि मग वादळ उठलं. रंग काळा का? जमिनीत पुरलेलं का? पुतळा का नाही? लाजेची काळी चीर, अशी संभावना एका माजी सैनिकानं केली. दगड पांढरा करा, जमिनीवर आणा, कोपऱ्यात झेंडा रोवा, अशा मागण्या झाल्या. अंतर्गत विभागाचे मंत्री जेम्स वॉट यांनी बांधकामाचा परवाना अडवून धरला. रचनाकार बाईमाणूस, कोवळ्या वयाची, आणि चेहऱ्यानं आशियाई, हेही लोकांच्या डोळ्यांत आलं. त्या वेळी जॉर्ज प्राइस या कृष्णवर्णीय सेनाधिकाऱ्यानं भर बैठकीत उठून सुनावलं की काळा रंग लाजेचा नाही आणि रणांगणावर रंगाला अर्थ नव्हता. त्यानंतर पांढऱ्या दगडाची मागणी मागे पडली. तडजोड म्हणून फ्रेडरिक हार्ट यांचा तीन सैनिकांचा ब्राँझ पुतळा आणि ध्वजस्तंभ ठरला. ते कोपऱ्यात आले असते तर सगळी रचना मोडली असती. माया त्याविरुद्ध भांडली आणि शेवटी पुतळा आणि ध्वजस्तंभ बाजूला, प्रवेशाकडे गेले. पुतळा १९८४ साली बसला. तो वाईट नाही, चांगल्या हाताचा आहे. पण भिंत पाहून आल्यावर तो काहीतरी समजावून सांगतोय असं वाटतं, आणि तोवर समजावण्याची गरज उरलेली नसते.

काळ्या रंगाचं खरं कारण दगडाच्या जवळ गेल्यावर कळतं. घासलेला काळा ग्रॅनाइट आरसा होतो. नाव वाचताना त्याच नावावर आपला चेहरा उमटतो, मागून आकाश आणि झाडं सरकतात. पांढऱ्या दगडात हे घडलं नसतं. हा दगड कुठला, हे सांगताना मला आपुलकी वाटते. तो आपल्या बंगळूरचा. काळा दगड कॅनडातून, स्वीडनमधूनही मिळत होता, पण सक्तीची भरती टाळणारे तरुण त्या देशांत गेले होते म्हणून ते नाव नको होतं. बंगळूरचा दगड व्हरमाँट राज्यातल्या बॅरी गावी कापला गेला आणि टेनेसीतल्या मेम्फिसमध्ये त्यावर अक्षरं उठवली गेली, छायाचित्रणाच्या तंत्रानं तयार केलेल्या जाळीवर वाळूचा मारा करून. हातानं छिन्नी चालवली असती तर इतकी नावं इतक्या थोड्या दिवसांत झाली नसती. १३ नोव्हेंबर १९८२ रोजी स्मारक खुलं झालं तेव्हा त्यावर ५७,९३९ नावं होती. नंतर जखमांनी गेलेल्यांची भर पडत ती ५८,०००च्या वर गेली.

लोकांनी भिंत कशी वाचावी हे कुणी शिकवलं नाही. ती बोटांनी वाचली गेली. माणसं कागद नावावर धरून पेन्सिल घासतात आणि नाव घरी नेतात. पायथ्याशी पत्रं ठेवतात, बूट ठेवतात, पदकं ठेवतात. या वस्तू उद्यान विभाग गोळा करून जपून ठेवतो. दुःखाला हात लावायला जागा मिळाली की माणसं काय करतात, ते इथं दिसतं.

पुढे मायानं पुष्कळ काम केलं. मॉन्टगोमरीतल्या नागरी हक्क स्मारकाच्या (१९८९) काळ्या दगडी चकतीवर १९५४ ते १९६८च्या घटना आणि बळींची नावं गोलाकार लिहिलेली आहेत आणि त्यांवरून पाण्याचा पातळ पापुद्रा वाहतो. यादीचं पहिलं आणि शेवटचं टोक तिनं जुळवलेलं नाही, मधे मोकळी जागा सोडली आहे. येलमधल्या ‘विमेन्स टेबल’वर (१९९३) १७०१पासून दर वर्षी किती स्त्रिया शिकायला होत्या त्याचे आकडे वळसा घेत जातात, आणि सुरुवातीचा कितीतरी वळसा नुसत्या शून्यांचा आहे. नंतरचं तिचं भूशिल्पांचं काम मोठं आहे, नावाजलेलं आहे, २०१६ साली राष्ट्राध्यक्षांच्या हस्ते तिला स्वातंत्र्यपदकही मिळालं. माझं मन मात्र जिथं आकडे आणि अक्षरं आहेत तिथंच रेंगाळतं.

या भिंतीबद्दल एक बोच मनात राहते आणि ती लपवून रसग्रहण पुरं होणार नाही. त्या युद्धात व्हिएतनामी माणसं लाखोंनी मेली. त्यांतलं एकही नाव इथं नाही. स्पर्धेची अट तशी होती, दोष रचनाकाराचा नाही. पण त्या काळ्या आरशात उभं राहिल्यावर जी नावं नाहीत त्यांचाही हिशेब मनात सुरू होतो, आणि त्यांच्यासाठी अशी भिंत बांधायची तर ती किती मैल लांब जाईल, हा विचार सोडत नाही.

मराठी घरांतले पुष्कळ आईवडील आता मुलांकडे अमेरिकेला जातात आणि वॉशिंग्टन त्यांच्या यादीत असतं. तिथं गेलात तर या भिंतीसमोर फोटो काढण्याआधी कुठलीही एक ओळ निवडा आणि त्यातली पाच-सहा नावं सावकाश, पूर्ण वाचा. मोठ्यानं वाचलीत तरी चालेल, तिथं कुणी हसत नाही.